हाताची चाकं, मोटरची चाकं

“म्हणजे तुमच्या मते हाताची चाकं महाग पडतात, मास्तर?”

यशोधन सरंजामेने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाना ठेवला.

पेणकर मास्तर एक बेअरिंग रॉकेलमध्ये धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी तसं म्हणालो नाही,” जरा वेळाने ते म्हणाले. “मी विचारलं, हा आकडा कुठून आणलास.”

…

पठारावरची ती एक छोटी धावपट्टी. एका टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, दुसऱ्या टोकाला हँगर. हँगरमध्ये उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेची दोन छोटी विमानं. दोन्हींची चाकं हवेत गेल्यावर पोटात घ्यायची असतात. जुन्या विमानात ती वैमानिक स्वतःच्या हाताने उचलतो. दोन खुर्च्यांच्या मधे लोखंडी दांडा आहे, तो आडवा केला की चाकं आत आणि उभा करून वरच्या खाचेत बसवला की चाकं खाली. नव्या विमानात बटण आहे. बटण दाबलं की मोटर फिरते आणि चाकं उचलते.

मास्तरांनी या हँगरात एकेचाळीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज सकाळी सायकलवरून येत. ‘या’ असं कोणी म्हटलेलं नव्हतं. येऊ नका म्हणायचं धाडस कोणाला झालं नव्हतं.

सरंजामे त्यांच्याच हाताखाली सहा वर्षं शिकला. मग परदेशातला अभ्यासक्रम करून आला आणि गेल्या वर्षी मुख्य इंजिनिअर झाला. हुशार होता. ते मास्तरही नाकारत नसत.

कागदावर त्याने दोन्ही चाकांचा वर्षाचा खर्च मांडला होता. मोटरची चाकं एक लाख पंच्याऐंशी हजार. हाताची चाकं अकरा हजार.

त्याने एकेक ओळ मास्तरांना वाचून दाखवली. मोटरचे ब्रश झिजतात. गिअरबॉक्स खोलून ग्रीस बदलावं लागतं. चाकं वर गेली, खाली आली हे सांगणारे स्विच धुळीने अडकतात. आणि आतली एक स्प्रिंग तर हजार तास झाले की धड असली तरी काढून फेकायची. परदेशातून येते, चार महिने लागतात. या सगळ्याच्या समोर हाताच्या चाकांना काय लागतं? ग्रीस, रबरी चकत्या, एखादा बोल्ट.

त्या स्प्रिंगवरून संस्थेचे सचिव धारप भर बैठकीत ओरडले होते, की धड वस्तू फेकून देणारा इंजिनिअर त्यांनी जन्मात पाहिला नाही. धारपांनी जन्मात आणखी बऱ्याच गोष्टी पाहिल्या नव्हत्या. विमान उचलून धरायला लागणारे जॅक हँगरात एकाच विमानापुरते होते. दुसऱ्या संचाची मागणी तीन वर्षं त्यांच्या टेबलावर पडून होती. सुरक्षा सप्ताहात भाषण करायला त्यांना दर वर्षी पाहुणा मिळे, हार मिळे, पेढे मिळत. जॅक तेवढे मिळत नसत.

शनिवारी विश्वस्त बसणार होते. मोटरचं विमान विकायचं आणि हाताच्या चाकांची आणखी दोन घ्यायची, असं या कागदावरून ठरणार होतं. ठरलं की संस्थेच्या तिन्ही धावपट्ट्यांवरची देखभाल सरंजामेच्या हाती येणार होती. धारपांनी तसा शब्द दिला होता.

विश्वस्तांमधले दोन म्हातारे मात्र पेणकरांचं मत विचारल्याशिवाय हलत नसत. म्हणून कागदाच्या तळाशी मास्तरांच्या दोन ओळी हव्या होत्या.

…

“आकडा वहीतून आणला,” सरंजामे म्हणाला. “जेवढा खर्च झाला तेवढाच लिहिलाय. एक रुपया इकडचा तिकडे नाही.”

“मग बरोबर असेल.”

“तर मग लिहून द्या.”

मास्तरांनी बेअरिंग फडक्यावर ठेवलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून कागद वाचला. वरून खाली, मग खालून वर.

“मोटरवर तुझा विश्वास नाही,” ते म्हणाले.

“कसा असेल? कधी दगा देईल सांगता येत नाही.”

“म्हणून तिच्यावर खर्च करतोस. हाताच्या चाकांवर विश्वास आहे, म्हणून करत नाहीस.” त्यांनी कागद परत त्याच्याकडे सरकवला. “यशा, हा चाकांचा खर्च नाही रे. हा तुझ्या भीतीचा खर्च आहे.”

सरंजामे हसला. मास्तरांची ही बोलायची तऱ्हा त्याला पाठ होती. तो म्हणाला, “मास्तर, विश्वस्तांना असलं कळत नाही. त्यांना आकडा द्यावा लागतो.”

“दे की.”

“तुम्हीच शिकवलंत ना, हाताच्या चाकांत बिघडण्यासारखं काही नाही म्हणून? एक दांडा, चार नळ्या.”

“बिघडण्यासारखं नाही म्हणालो होतो. झिजण्यासारखं आहे.”

मग त्यांनी, जणू पहिल्या दिवशीच्या पोराला सांगावं तसं, सगळं पुन्हा सांगितलं. दांड्याचं टोक वरच्या खाचेत बसतं. ती खाच केसाएवढी झिजते. डोळ्याला दिसत नाही. विमान जॅकवर चढवायचं, चाकं अधांतरी करायची, एकाने आत बसून दांडा वीस वेळा खालीवर करायचा आणि दुसऱ्याने पोटाखाली निजून बघायचं. तेव्हा ती झीज हाताला लागते. चार माणसं, अर्धा दिवस.

“हे मला माहीत आहे,” सरंजामे म्हणाला.

“माहीत असणारच. मी आपला अकरा हजारांत चार माणसं शोधत होतो.”

सरंजामेने पाना उचलला, पुन्हा ठेवला.

“माणसं पगारावर आहेत. त्यांचा वेगळा खर्च धरत नाहीत.”

“मोटरच्या विमानाखाली तीच माणसं धरलीयेस. इथे, सहावी ओळ.”

…

बाहेर टिटवी ओरडत होती. हँगरच्या मधोमध मोटरचं विमान जॅकवर होतं. नवी स्प्रिंग बसवून झाली होती आणि चाकं आतबाहेर करून पाहायच्या वीस खेपांपैकी अकरा झाल्या होत्या. उरलेल्या नऊ उद्यावर गेल्या होत्या.

हाताच्या चाकांचं विमान दाराबाहेर उन्हात उभं होतं. त्याची वार्षिक तपासणी आज सकाळी पुरी झाली होती. तपासणीच्या वहीत सरंजामेची सही होती, खाली तारीख, वेळ दहा वाजून वीस मिनिटं.

चार वाजता ते उडणार होतं. ईशानी लोटलीकर ते घेऊन जाणार होती. तिला परवान्यासाठी तास भरायचे होते. तासाभरावरच्या धावपट्टीवर जाऊन परत यायचं होतं. एकटीने.

चारला दहा कमी असताना ती डाव्या खुर्चीत बसून आपली यादी वाचत होती.

मास्तर उठले. हात साबणाने धुतले, फडक्याला पुसले. शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली. मग ते चालत विमानाकडे गेले.

पंखावर चढताना त्यांचे गुडघे कुरकुरले. दोनदा थांबले. आत शिरून उजव्या खुर्चीत बसले.

“हा पट्टा कुठून लागतो ग? आमच्या वेळी वेगळा होता.”

ईशानीने पट्टा लावून दिला. तिला हसू येत होतं. “मास्तर, वजनाच्या हिशेबात तुम्हाला धरलं नव्हतं.”

“मग धर. त्रेसष्ट किलो, चपलांसकट.”

सरंजामे हँगरातून जवळजवळ धावतच आला.

“मास्तर, हे काय?”

“तपासणीनंतरचं पहिलं उड्डाण आहे ना?”



ही त्या हँगराची जुनी रीत होती. कुठल्या नियमावलीत नव्हती. ज्याने तपासणीची सही केली, त्याने पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या शेजारी बसायचं. मास्तर एकेचाळीस वर्षं बसले. सरंजामे बावीस वर्षांचा असताना त्याने पहिली सही केली, तेव्हा उड्डाणाच्या आधी तो एकच नट तीन वेळा जाऊन बघून आला होता. अख्खं हँगर त्याला आठवडाभर चिडवत होतं. मास्तर तेवढे चिडवत नव्हते.

गेल्या वर्षी धारपांनी ही रीत बंद केली. कारण विम्याचं दिलं. खरं कारण असं, की माणूस दोन तास विमानात बसला तर दोन तास हँगरात काम करत नाही. त्या सूचनेचा मसुदा सरंजामेनेच लिहिला होता.

“ती पद्धत बंद झाली, मास्तर.”

“पद्धत बंद झाली. विमान चालू आहे ना?”

“सही माझी आहे. बसायचं तर मी बसेन.”

“तू कशाला? तुला शनिवारचा कागद पुरा करायचाय. मी रिकामाच आहे.”

सरंजामेने मग त्यांना एकामागून एक कारणं सांगितली. वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेलं. संस्थेत नोकरीला नाहीत, तेव्हा विमा लागू नाही. धारपांना कळलं तर पोरीचं उड्डाण रद्द करतील.

मास्तर प्रत्येक कारणाला मान डोलवत होते. “बरोबर,” म्हणत होते. “तेही बरोबर.”

उतरत मात्र नव्हते.

ईशानीने घड्याळ पाहिलं. “सर, उशीर झाला तर उजेडात परत येता येणार नाही. सुरू करू?”

सरंजामे पंख्याच्या पात्यांसमोर उभा होता.

“सर… पुढून बाजूला व्हा ना.”

तो हलला नाही.

मास्तरांनी दांड्यावर हात ठेवला. दांडा उभा होता, खाचेत. त्यांनी तो ओढून पाहिला नाही. नुसता हात ठेवला आणि समोर धावपट्टीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, परीक्षा घेणाऱ्याची नजरही नव्हती. बसमध्ये जागा मिळालेला म्हातारा बसतो, तसे बसले होते.

कापडी पिशवी फडफडली. पुन्हा लोंबली.

…

“मास्तर, उतरा.”

“का?”

“उतरा म्हणतो ना.”

“का, ते सांग. मग उतरतो.”

 तो मास्तरांकडे पाहत नव्हता. समोरच्या चाकाकडे पाहत होता.

“जॅक लावले नव्हते.”

ईशानीने किल्लीवरचा हात काढून घेतला.

त्याने मग सगळं सांगितलं, खाली बघत, थांबत थांबत. जॅक मोटरच्या विमानाखाली अडकले होते. ते काढायचे, मग परत लावायचे, तर अख्खा दिवस गेला असता. शनिवार जवळ आला होता. ग्रीस भरलं, चकत्या बघितल्या, बोल्ट आवळले. बाकी सगळं केलं. दांडा कधीच दगा देत नाही. गेल्या वर्षीही…

“गेल्या वर्षीही?” मास्तरांनी विचारलं.

“गेल्या वर्षीही नाही लावले.”



“सर,” ईशानी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “आज मी एकटी जाणार होते.”

मास्तरांनी पट्टा सोडला. उतरताना सरंजामेने हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि त्याच्या आधाराने खाली आले.

…

मोटरचं विमान जॅकवरून उतरवलं. हाताच्या चाकांचं विमान आत ढकललं आणि चढवलं. ईशानीने गणवेशाच्या बाह्या दुमडल्या आणि खुर्चीत बसून दांडा मारायचं काम घेतलं. सरंजामे पोटाखाली निजला. हँगरातले दोघे मेकॅनिक पंखांपाशी उभे राहिले. मास्तर तेलाच्या उपड्या डब्यावर बसून आकडे मोजत होते.

“सात.”

दांडा वर गेला. खाचेत बसला. खट्.

“आठ.”

दहाव्या खेपेनंतर सरंजामेने ईशानीला बाहेर यायला सांगितलं. तो स्वतः आत गेला, खाचेत बोट घालून चारी बाजूंनी फिरवलं, टॉर्चने पाहिलं, पुन्हा बोट घातलं. मग परत पोटाखाली जाऊन निजला.

मधेच धारपांचा फोन आला. उड्डाण का गेलं नाही, असं ते विचारत होते. सरंजामे निजल्या निजल्याच म्हणाला, तांत्रिक कारण आहे. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. सरंजामेने दोनदा “हो” म्हटलं. शनिवारच्या कागदाबद्दल विचारलं तेव्हा “बघतो” म्हणाला आणि फोन बंद केला.

“वीस.”

खट्.

 सूर्य टेकडीवर टेकला होता. सरंजामे विमानाखालून बाहेर आला. पाठीला ग्रीस आणि माती. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि तिच्याखाली चीडही.

“काहीच निघालं नाही, मास्तर.”

“नाही.”

“खाच चांगली आहे. नळ्या सरळ आहेत. एका नटाला अर्धा आटासुद्धा द्यावा लागला नाही. सकाळी होतं तसंच आहे विमान.”

“तसंच आहे.”

“म्हणजे ती गेली असती तरी काही झालं नसतं.”

मास्तर डब्यावरून उठले. “नसतं झालं,” ते म्हणाले.

…

ईशानी हात धुवायला गेली. मेकॅनिक जॅक उतरवायला लागले.

तपासणीची वही टेबलावर उघडी होती. सरंजामे पेन घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. सकाळची सही तिथे होती. दहा वाजून वीस मिनिटं. नावाखालची रेघ ऐटदार होती. त्याला ती लहानपणापासून तशीच ओढायची सवय होती.

तो बोलायला लागला तेव्हा आवाज खाली आला होता. मास्तरांना तो समजावून सांगत होता की स्वतःला, ते कळत नव्हतं. सही खोडली आणि खरी वेळ लिहिली, तर का खोडली तेही लिहावं लागेल. मग गेल्या वर्षीचं निघेल. चौकशी लागेल. परवाना जाईल, निदान वर्षभर तरी जाईल. शनिवारचा कागद फाडावा लागेल, कारण त्यातले अकरा हजार कोसळतील. तिन्ही धावपट्ट्या जातील. धारप त्यांच्याच कोणाला तरी आणून बसवतील, ज्याला जॅक कशाला म्हणतात हेही ठाऊक नसेल. मग या पोरांनी कोणाच्या भरवशावर उडायचं?

“आणि मास्तर, सहीत लिहिलंय काय? विमान उड्डाणाला योग्य आहे. ते आहे. आता आपण सगळ्यांनी बघितलं. सकाळी खोटं होतं, मान्य. पण आता ते खरं झालंय.”

मास्तर ऐकत होते.

“खऱ्या सहीवर रेघ मारायची?”

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरंजामेचं पेन कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं होतं.

“सांगा ना, मास्तर. खोडू का?”

…

“राहू दे,” मास्तर म्हणाले.

सरंजामेने श्वास सोडला. डोळे क्षणभर मिटले. मग पेनाला टोपण लावलं.

मास्तरांनी दोरीवरचं फडकं घडी करून ठेवलं. धुतलेलं बेअरिंग कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं. भिंतीला टेकवलेली सायकल घेतली आणि दारापर्यंत आले.

तिथे थांबले.

“पोरीचं उड्डाण आता उद्या ना? किती वाजता?”

“सातला.”

“मी येतो बसायला.”

“आता कशाला, मास्तर? आता तर सगळं तपासलंय.”

मास्तरांनी सायकल उंबऱ्यावरून बाहेर काढली.

“तू सह्या करतोयस तोवर… रोज येईन.”